रिकाम्या आसनाशी बोलल्यावरून रोखलेला परवाना

प्रति,
मा. परवाना अधिकारी (खाजगी व हौशी विमाने),
नागरी उड्डाण कार्यालय, दुसरा मजला.

अर्जदार: एका दोन आसनी हलक्या विमानाचा मालक व खाजगी वैमानिक; धंद्याने छापखानेवाला, आता निवृत्त.

विषय: उजव्या आसनावर कोणी नसताना बोलल्याच्या कारणावरून स्थगित केलेला उड्डाण परवाना परत मिळणेबाबत.

संदर्भ: १) आपल्या कार्यालयाचे स्थगितीचे पत्र.
२) त्याच कार्यालयाचे, पहिल्याच्या बरोब्बर उलट सांगणारे दुसरे पत्र.

महोदय,

वरील विषयास अनुसरून अर्जदार नम्रपणे कळवतो की तो वेडा नाही. अर्जाची सुरुवात अशी करण्याचा प्रघात नाही, याची त्याला कल्पना आहे. परंतु आपल्या पहिल्या पत्रात 'मानसिक स्वास्थ्याबाबत साशंकता' हे शब्द ठळक टाइपात आहेत, आणि ठळक टाइप कशासाठी वापरतात हे जन्मभर छापखाना चालवलेल्या माणसाला सांगावे लागत नाही.

१. इंजिन सुरू करण्याआधी चेकलिस्ट वाचावी लागते, हे आपणांस विदित आहेच. एकाने मोठ्याने विचारायचे, दुसऱ्याने त्या त्या वस्तूला हात लावून मोठ्याने उत्तर द्यायचे. अर्जदाराची पत्नी वैमानिक नव्हती. ती औषधांच्या दुकानात काम करी, आणि चिठ्ठीवरचे एकेक औषध मोठ्याने वाचल्याशिवाय गिऱ्हाइकाच्या हातात पुडी देत नसे. तीच खोड घेऊन ती विमानात उजवीकडे बसे. "इंधन?" "भरलंय." "झाकण?" "घट्ट." "शेपटीचा दोर?" "सोडला." अर्जदाराने नुसते "हो" म्हटले की, "अहो, हो म्हणजे काय? माझ्याकडे बघून नको, झाकणाकडे बघून सांगा." लग्नानंतर जितकी वर्षे अर्जदार उडाला, तितकी वर्षे तो झाकणाकडे बघून उत्तर देत आला आहे. त्या काळात त्याच्या विमानाला ओरखडासुद्धा उमटला नाही, हे आपल्याच दप्तरात पाहावे.

२. यादीच्या तळाशी एक कलम पत्नीने स्वतःच्या अक्षरात वाढवले आहे. त्याचा उगम सांगणे भाग आहे, कारण आपल्याकडे तक्रार करणारे गृहस्थच त्या कलमाचे जन्मदाते आहेत. हे गृहस्थ पेशाने दंतवैद्य असून त्यांचे विमान अर्जदाराच्या विमानाच्याच शेडमध्ये असते. एके सकाळी, आपले विमान बाहेर काढायला उशीर झाला म्हणून, ते शेडच्या मेकॅनिकवर यथेच्छ ओरडले, धाडकन दार लावून आत बसले आणि इंजिन सुरू केले. विमान हलेना. त्यांनी आणखी जोर दिला. विमान जागच्या जागी थरथरू लागले. खिडकीतून डोके काढून ते मेकॅनिकला म्हणाले, "हे इंजिन आहे की घोरणारा म्हातारा?" शेपूट अजून जमिनीतल्या कडीला बांधलेली होती. अर्जदाराची पत्नी शेडबाहेरच्या बाकावर चहा घेत होती. ती तिथूनच म्हणाली, "डॉक्टर, मुळं खोल आहेत हो. आधी हलवून सैल करा, मग ओढा."

मैदानावरचे झाडून सगळे हसले. डॉक्टर हसले नाहीत, आणि आजतागायत हसलेले नाहीत. त्या दिवशी पत्नीने यादीच्या शेवटी लिहिले: 'राग?' याचे मान्य उत्तर एकच, "खाली ठेवला." दुसरे काहीही उत्तर आले तर इंजिन सुरू करायचे नाही, खाली उतरून बाकावर बसायचे. अर्जदार त्या बाकावर बरेचदा बसलेला आहे.

३. पत्नी मागच्या हिवाळ्यात आजारपणात गेली. त्यानंतर अर्जदार चेकलिस्ट एकटाच वाचतो. प्रश्नही मोठ्याने, उत्तरही मोठ्याने. "झाकणाकडे बघून सांगा" हे वाक्यही सवयीने तोंडी येते. तक्रारीनंतर चौकशीला बसलेल्या आपल्या समितीने त्याला विचारले होते, "शेजारून उत्तर ऐकू येतं का?" अर्जदाराने खरे ते सांगितले: "उत्तर मीच देतो. शेजारून प्रश्न येतो." समितीतल्या तिघांनीही हे एकाच वेळी लिहून घेतले. घोडे तिथेच पेंड खाते, हे अर्जदाराच्या नंतर लक्षात आले.

४. दंतवैद्यांच्या तक्रारीत 'सदर गृहस्थ मयत पत्नीशी विमानात भांडतात' असे शब्द आहेत. भांडण वगैरे काही नव्हते. असते तर शेवटच्या कलमावर विमान अडले असते. तक्रारीत न लिहिलेली बाब अशी, की अर्जदाराच्या विमानाची जागा शेडच्या दाराशी होती व डॉक्टरांची मागे, भिंतीला. परवाना स्थगित झाल्याबरोबर जागांची अदलाबदल झाली. आता अर्जदाराचे विमान मागच्या कोपऱ्यात असे रेटून ठेवले आहे, की त्याचे उजवे दार भिंतीला टेकले आहे आणि ते उघडत नाही. हे मुद्दाम केले असे अर्जदार म्हणत नाही. कोणीही म्हणेल, एवढेच तो म्हणतो.

५. आपल्या पहिल्या पत्रानुसार अर्जदार मानसोपचारतज्ज्ञांकडे गेला. त्यांनी सर्व ऐकून घेतले, सुदृढ असल्याचा दाखला दिला आणि अर्जदार निघताना विचारले, "ती यादी मला मिळेल का? शेवटचा प्रश्न माझ्या घरी लावावा म्हणतो." दाखल्यावर आपल्या कार्यालयाचे समाधान झाले नाही. कंट्रोल टॉवरखेरीज विमानात कोणाशीही, स्वतःशीसुद्धा, बोलणार नाही, असे हमीपत्र मागण्यात आले. अर्जदाराने तेही दिले.

मग उड्डाणाची चाचणी झाली. आपले परीक्षक उजव्या आसनावर बसले. अर्जदाराने हमीपत्राचा मान राखून तोंडातून अवाक्षर न काढता यादीतल्या प्रत्येक वस्तूला हात लावून पाहिले. परीक्षकांनी त्याला जमिनीवरच नापास केले. कारण: 'चेकलिस्ट मोठ्याने वाचली नाही.' हमीपत्राची प्रत पुढे करताच ते म्हणाले, "काका, तो कागद ऑफिसचा. विमानात माझा नियम." अर्जदार आपल्या कार्यालयात आला. खिडकीतल्या बाई म्हणाल्या, "परीक्षकांचं बरोबर आहे." "मग हमीपत्र परत द्या." "तेही बरोबर आहे, काका." त्या बाईंचा यात दोष नाही; त्यांनी दोन्ही कागद वाचले आहेत, एवढाच त्यांचा अपराध.

६. आपले दुसरे पत्र यानंतरचे. त्यात अर्जदारास उड्डाणाची मुभा आहे, मात्र उजव्या आसनावर दुसरा परवानाधारक वैमानिक बसून यादी वाचेल, या अटीवर. फ्लाइंग क्लबच्या चिटणीसांनी सर्वांकडे विचारणा केली. आनंदाने तयार झालेले सभासद एकच: दंतवैद्य. चिटणीस अर्जदाराला बाजूला घेऊन म्हणाले, "जमत नसेल तर विमान विकून मोकळे व्हा. गिऱ्हाईकसुद्धा तयार आहे." गिऱ्हाईक कोण, हे अर्जदाराने विचारले नाही.

सबब विनंती, की परवाना विनाअट परत करावा, हमीपत्र रद्द समजावे, आणि उजवे आसन रिकामे राहू द्यावे. त्यावर कोणाला बसवायचे हे कार्यालयाने ठरवू नये.

एक गोष्ट प्रामाणिकपणे नमूद करणे अर्जदार आपले कर्तव्य समजतो. तो अजूनही शेडमध्ये जातो, डाव्या दाराने आत बसतो आणि इंजिनाला हात न लावता यादी वाचतो. इंधन, झाकण, दोर, सगळे नीट येते. शेवटच्या कलमाला मात्र, आपले पहिले पत्र आल्यापासून, "खाली ठेवला" असे उत्तर त्याला एकदाही देता आलेले नाही. शेजारी कोणी ऐकत नाही, असे कार्यालयाचेच म्हणणे असल्याने खोटे सांगायला हरकत नव्हती. तोंडाला आले नाही.

तेव्हा आपण आजच्या आज परवाना हातात ठेवलात, तरी अर्जदार आज उडणार नाही. तो बाकावर बसेल. त्याला जमिनीवर आपल्या पत्राने बसवलेले नसून तिच्या कलमाने बसवले आहे, एवढी दुरुस्ती तरी आपल्या दप्तरात व्हावी. राग उतरला की तो स्वतः येऊन कळवील. तोवर परवाना तयार असावा.

आपला नम्र, आणि तूर्त बाकावरचा,

(सही)
अर्जदार
दिनांक: अर्ज पोचेल तो धरावा, आपल्याकडे तोच धरतात.

सोबत:
१. मानसोपचारतज्ज्ञांचा दाखला.
२. न बोलण्याचे हमीपत्र.
३. न बोलल्याबद्दल नापास केल्याचा शेरा.
४. चेकलिस्टची छायाप्रत. मूळ प्रत जोडलेली नाही. ती उजव्या आसनावर ठेवलेली असते.