परदेशातली भिंत आणि न लागणारं दार

ती. सौ. वहिनींस,

प्रभूच्या नावाने सादर सलाम. तुमचे गुडघे कसे आहेत? दादाचा खोकला? दोन्ही बरे असतील तर उत्तमच, कारण हे पत्र वाचून तुमची तब्येत बिघडणार आहे, आणि ती बिघडावी म्हणूनच मी लिहितो आहे. "चर्चच्या परदेशी सेवेला जा, लहान मुलांत राहाल, स्वभाव जरा मऊ होईल," असं तुम्ही महिला मंडळाच्या अध्यक्ष या नात्याने म्हणालात (वहिनी या नात्याने म्हणाला असतात तर मी भांडलो असतो). स्वभाव मऊ झालेला नाही. होता तोही नासला.

आमचे पुढारी म्हणजे तुमच्या समितीने निवडलेले ते उत्साहराव. (नाव मी ठेवलं, आता सगळी तुकडी तेच वापरते.) विमानातून उतरल्यापासून हा माणूस टाळ्या वाजवतो आहे. अनाथ मुलांच्या इथल्या वसतिगृहाची मागची भिंत रंगवणं हे आमचं काम. माझं आयुष्य सुतारकामात गेलं, पण सेवा ती सेवा, म्हणून मुकाट्याने ब्रश घेतला. जुना रंग खरवडला तर निळ्याखाली पिवळा, पिवळ्याखाली हिरवा, त्याखाली गुलाबी. वसतिगृह सांभाळणाऱ्या बाईंना विचारलं (मुलं त्यांना जी हाक मारतात तिचा अर्थ मावशी असावा, म्हणून मीही मावशीच म्हणतो). त्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत शांतपणे म्हणाल्या, "येणारी प्रत्येक तुकडी हीच भिंत रंगवते. हिच्यापुढे फोटो चांगला येतो."

आणि त्याच भिंतीला लागून मुलींचा संडास. दाराची कडी तुटलेली, वरची बिजागरी निखळलेली. आत एक मुलगी गेली की दुसरी बाहेर दाराला पाठ लावून उभी राहते आणि मोठ्याने गाणं म्हणते, म्हणजे आतलीला कळावं की पहारा आहे. इतक्या तुकड्या रंग फासून गेल्या, वहिनी, आणि एकाही शहाण्याने विचारलं नाही की ही पोर संडासापुढे उभी राहून गाते कशाला. (आमच्या तुकडीतल्या एका बाईंनी तर ते गाणं भक्तिगीत समजून डोळे मिटून ऐकलं.) मी उत्साहरावांना म्हटलं, मला दार दुरुस्त करू द्या. ते म्हणाले, "काका, ते आपल्या कार्यक्रमात बसत नाही." हेसुद्धा टाळी वाजवूनच.

काल फोटोचा दिवस होता. मावशींनी पहाटे उठून सगळ्यांचे कपडे इस्त्री केलेले, मुलींच्या वेण्या घट्ट घातलेल्या. उत्साहरावांनी मुलांकडे बघून तोंड वाकडं केलं. म्हणाले, "फार नीटनेटकी दिसताहेत. जुने कपडे घालायला सांगा. घरच्या मंडळींना गरज दिसली पाहिजे." मावशींनी मान खाली घातली. मुलं आत वळली. हे त्यांना नवीन नसावं. फक्त पुढचे दात पडलेली एक चिमुरडी जागची हलली नाही. फ्रॉक दोन्ही मुठींत घट्ट धरून उभी. ते बघून माझं डोकं फिरलं. हातात निळ्या रंगाची बादली होती. सविस्तर लिहीत नाही; एवढंच की जुने कपडे घालायची पाळी उत्साहरावांवर आली, आणि ती चिमुरडी हसत हसत खाली बसली. मग आमच्या बसच्या ड्रायव्हरकडून हत्यारं मागून घेतली आणि संडासाचं दार दुरुस्त केलं. आता कडी आतून लागते. गाणं थांबलं. टाळ्याही थांबल्या.

तेव्हा असली सेवा पुन्हा माझ्या गळ्यात मारू नका. लहान मुलांची मला आवड नाही आणि होणारही नाही.

तुमचा संतापलेला,
धाकटा दीर

ता. क. समितीपुढे उत्साहरावांच्या पँटची तक्रार येईल. तुम्ही म्हणा, बादली हातातून सुटली. (सुटली नव्हती.)

पुन्हा ता. क. तुकडी रविवारी निघते. मी निघत नाही. मुलांच्या खोल्यांची दारंही लागत नाहीत आणि पलंग करकरतात. मला कोणी थांबवलेलं नाही, मीच मावशींना सांगून टाकलं. दादाला तुम्हीच सांगा, जेवण झाल्यावर.

शेवटचा ता. क. त्या चिमुरडीने मावशींकरवी विचारलं, घरी गेला नाहीत तर तुम्हांला रागावणारं कोणी आहे का? मी म्हटलं, आहे, चांगलं खमकं आहे. तिला ते खरं वाटत नाही. म्हणून वहिनी, मला एक सणसणीत पत्र लिहा. तिला मराठी वाचता येत नाही, तेव्हा अक्षर मोठं काढा आणि माझ्या नावाखाली जोराने दोन रेघा मारा.