वीस छापांची जुडी

मंगळवार, ता. १ फेब्रुवारी १९६६

आधी दुरुस्ती. रविवारी मी इथे लिहिलं की सुट्या काड्या एका गाडग्यात ठेवल्या आहेत. ते चूक आहे. गाडगी दोन आहेत. दुसरंही अर्धं भरलं होतं, ते धरायला हवं होतं. बाबा म्हणायचे, चूक दिसली की त्याच दिवशी दुरुस्त करावी, नाहीतर ती घरात राहायला येते. मी शाळेत गेले नाही, बाबांनीच बुलढाण्याला घरी शिकवलं. पण ही सवय शाळेत गेलेल्यांनाही नसते.

तर आता सगळंच नीट लिहिते. काडीपेटी भिजवायची, वरचा छाप अलगद सोडवायचा, पुठ्ठ्यावर चिकटवायचा. असे वीस छाप म्हणजे जुडी. एका चित्राचे दोन चालत नाहीत. दुपारची कामं आटोपली की शेजारच्या सिंधूताईंच्या ओसरीवर डाव बसतो. जनावर फुलाला खातं. जनावर दिव्याला भितं. फुलापुढे दिवा विझतो, कारण फुलं बहुतेक कमळं आणि कमळ पाण्यातलं. हरलेला छाप जिंकणारीचा, कायमचा. पैसे नसतात, म्हणून हा जुगार नव्हे.

पेटी भिजवण्याआधी काड्या काढाव्या लागतात. त्या फेकणं म्हणजे नासाडी. म्हणून गाडगी, आणि गाडगी कापसाच्या खोलीत, मागच्या भिंतीशी. त्या खोलीत दिवा, कंदील, विडी काहीही न्यायला मामंजींची सक्त मनाई आहे. म्हणजे अमडापुरात काड्यांसाठी याहून सुरक्षित जागा नाही. हे माझ्या आधी घरात कुणाला सुचलं नाही.

खोली आढ्यापर्यंत भरली आहे. भाव चढला की कापूस विकायचा आणि वैशाखात तानावन्संचं लग्न करायचं. सासूबाई त्या खोलीला कापसाची खोली म्हणतच नाहीत. ‘लग्नाची खोली’ म्हणतात.

शुक्रवार, ता. ४

दोन वाघ गेले. एक कोंबडा गेला.

निश्चय : आता नवी पेटी फोडायची नाही. आहे त्या छापांतच जुडी सुधारायची.

रविवार, ता. ६

हे खामगावहून आले. तिथल्या एका जिनात, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, मुकादम आहेत, फक्त रविवारी घरी. सांगितलं होतं म्हणून निरनिराळ्या चित्रांच्या पेट्या आणल्या. हत्ती, मोर, समई, पांढरं कमळ. या मी मागवल्या त्या शुक्रवारच्या निश्चयाच्या आधी, तेव्हा त्या फोडल्या. निश्चय मोडला असं होत नाही.

जेवताना यांनी सांगितलं की जिनाच्या फाटकावर आता प्रत्येकाचे खिसे तपासतात. गेल्या आठवड्यात कुणाच्या तरी कापसात खिळा निघाला, मशीनला घासला, ठिणगी उडाली आणि ढिगाने पेट घेतला. वाळू टाकून विझवला. यांच्या हाताचे केस जळले आहेत. मी विचारलं, तिथल्या बायकांकडे कुठले छाप आहेत. यांनी ताक मागितलं.

नंतर विचार केला. जिनात मशीन आहे, आपल्या घरात मशीन नाही. काळजी वाटली होती ती गेली.

बुधवार, ता. ९

सासूबाईंनी चहाच्या वेळी सरळ विचारलं, “काऊन वं सुनबाई, या घरात काडीपेटी टिकत काऊन नाही? आणली का दुसऱ्या दिवशी गायब.” मी म्हटलं, ओल धरते. हे खोटं नाही. पेटी ओली झालीच होती. सासूबाई पळी घेऊन शेजारी विस्तव मागायला गेल्या. सिंधूताईंकडेच. मला अवघडल्यासारखं झालं.

जुडीची नवी सिस्टीम : दहा जनावरं, सहा दिवे, चार फुलं. आधी फुलं काढून समोरचीला दिलासा द्यायचा, मग जनावरं सोडायची. खूप स्ट्राँग आहे.

दुपारी हरले. सिंधूताईंनी एकामागून एक दिवे काढले. पान टाकताना त्या माझ्या तोंडाकडे बघतात, जुडीकडे नाही. म्हणाल्या, “तुही जुडी म्हंजे धाड गावचा ढोरांचा बाजार हाय वं. निस्ती जनावरं. दावं कुठी हाय?” सगळ्या हसल्या. मीही हसले. हरण्याचं मला काही वाटत नाही, फक्त कारण समजायला हवं.

कारण समजलं. दिवे कमी पडले. दिव्याच्या पेट्या मागवल्या पाहिजेत.

रविवार, ता. १३

तानावन्सं म्हणाल्या, लग्नाच्या खोलीत कुरकुर ऐकू येते. उंदीर असतील. उंबऱ्याशी मला एक काडी सापडली, तिचं डोकं नव्हतं. नीट कुरतडलेलं होतं.

काड्या उचलून दुसरीकडे ठेवायला हव्यात. उद्याच.

सोमवार, ता. १४

आज नाही जमलं. तिसरं गाडगं अजून भरायचं आहे. तिन्ही एकदमच हलवावीत, दोनदा ये-जा केली की कुणाच्या तरी डोळ्यावर येतं.

(कालपर्यंत मी दोनच लिहिली होती. तिसरं यांच्या पेट्यांमुळे झालं. दुरुस्ती संपली.)

पांढरं कमळ हरले.

शुक्रवार, ता. १८

कडूबाकाका, म्हणजे माझे चुलत सासरे, आता दिवसभर कापसाच्या राखणीला बसतात. बसतात ते खोलीच्या उंबऱ्यावर. आज मला म्हणाले, सुनबाई, विडीले काडी हाय का. मी नाही म्हटलं. मग चुलीतलं कोलीत आणून त्यांनी विडी पेटवली आणि परत उंबऱ्यावर टेकले. राख झटकली ती आतल्या बाजूला.

मी धीर करून म्हटलं, काका, जरा लांब बसा. ते म्हणाले, “म्या राखण करून राह्यलो ना वं. दुरून राखण होते काय?”



दुपारी डावात लक्ष लागलं नाही. तरी एक समई जिंकले, म्हणजे सिस्टीम बरोबर आहे.

गुरुवार, ता. २४

आजच्यासारखी मी कधी खेळले नाही. सिंधूताईंचे सहा छाप घेतले. त्यांचा तीन ज्योतींचा दिवासुद्धा. डावातली सोनारीण म्हणाली, नवीन सून तयार झाली बरं का. दिवे लागेपर्यंत उठले नाही.

घरी आले तर अंगणात मोकळी गाडी. मामंजींनी शेतातली फरदड, म्हणजे शेवटच्या वेचणीचा कापूस, आणून त्याच खोलीत भरला होता. जागा पुरेना म्हणून कडूबाकाका आणि दोन गडी ढिगावर चढले आणि नाचून नाचून कापूस तुडवला. मागच्या भिंतीपर्यंत. सासूबाईंनी सांगितलं, आता आत मुंगीले जागा नाही.

मी विचारलं, तुडवताना काही आवाज झाला का. त्या म्हणाल्या, कापसाचा काय आवाज.

म्हणजे गाडगी शाबूत असणार. फुटली असती तर आवाज आलाच असता.

रविवार, ता. २७

दुरुस्ती. १८ तारखेला लिहिलं की मी काकांना काडी नाही म्हटलं. मी ‘पेटी नाही’ म्हटलं होतं. पेटी खरोखर नव्हती.

सिंधूताईंनी डाव लावला आहे. गुरुवारी एकच हात, अख्ख्या जुडीवर. जिंकेल तिच्या वीसच्या वीस. मी लगेच हो म्हटलं. एवढं मिळालं की खेळ बंद, पेट्या बंद, काड्या बंद. घराच्या दृष्टीनेच मी हे कबूल केलं.

महिनाभर त्यांचं पान न् पान मी लक्षात ठेवलं आहे. त्यांचा भर दिव्यांवर. म्हणून नवी जुडी : बारा फुलं, पाच जनावरं, तीन दिवे. फुलांपुढे दिवे विझतील. फुलं कमी पडतात. यांना निरोप पाठवला, येणाऱ्या गाडीवानाबरोबर निरनिराळ्या कमळांच्या मिळतील तेवढ्या पेट्या द्या.

बुधवार, ता. २ मार्च

कमळं आली. काड्या तात्पुरत्या एका फडक्यात बांधून खोलीच्या दारामागे, कापसाच्या कडेला ठेवल्या. एकच रात्र.

गुरुवार, ता. ३

सिंधूताईंनी पहिलं पान टाकलं, गाय. दुसरं, घोडा. तिसरं, माझाच जुना वाघ. चौदा जनावरं निघाली. माझी कमळं सगळी चरून टाकली.

मग त्याच म्हणाल्या. आवाज चढवला नाही, माझा हात हातात घेतला होता. “तू माही जुडी पाठ केली वं, पोरी. ध्यानात आलं मले. म्हून म्या बदलली.”

आता माझ्याजवळ एकही छाप नाही. हलकं वाटतं. खरंच. उद्या पहिलं काम काड्यांचं.

शुक्रवार, ता. ४

दारामागचं फडकं सापडलं. रिकामं. उंदरांनी मधोमध फाडलं आहे.

सगळे शेतात गेल्यावर ढिगात हात घातला. खांद्यापर्यंत. कापूस आतून कोमट लागतो. फरदड दवाची होती म्हणून असेल. बोटांना खापर लागलं. मग आणखी एक. मग काड्या. इथे एक, तिथे तीन, सरकीला चिकटलेल्या, बोंडात गुंतलेल्या. तुडवताना सगळीकडे पसरल्या आहेत. ओंजळभर काढल्या. ढीग तेवढाच दिसतो.

तानावन्सं मागे उभ्या होत्या. काय शोधता, वहिनी? मी म्हटलं, कानातलं पडलं. त्यांनी माझ्या कानांकडे पाहिलं. दोन्ही कानांत होतं. तरी त्या माझ्याबरोबर खाली बसून शोधायला लागल्या. मला रडू आलं. त्या म्हणाल्या, एवढं काय, मी गेले की माझं घाला.

शनिवार, ता. ५

भाव चढला. मामंजींनी सौदा केला. सोमवारी धुळवड आटोपली की संध्याकाळी गाड्या निघणार, मंगळवारी सकाळी खामगावला कापूस जिनात पडणार. यांच्याच जिनात. यांनीच पहिला नंबर मिळवून दिला आहे. निरोप आला की बहिणीच्या लग्नाचा कापूस आहे, मशीनवर मी स्वतः उभा राहीन, दुसऱ्या कुणाला हात लावू देणार नाही.

सासूबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. मला म्हणाल्या, “भाग्याची हायेस वं.”

ओंजळभर काड्या आणखी काढल्या.

रविवार, ता. ६ मार्च. होळी

हे या रविवारी आले नाहीत. नंबर राखायला तिकडेच थांबलेत.

सगळं सांगायचं ठरवलं आहे. प्रश्न फक्त केव्हा, एवढाच. आज सण. शेणाच्या चाकोल्यांच्या माळा होळीला चढवून झाल्या, पुरणाचा नैवेद्य झाला, अशा दिवशी घरात अभद्र बोलू नये. उद्या धुळवड, कडूबाकाका सकाळपासून भांगेत असतात, आणि दुपारी गाड्या भरायच्या. भरल्या गाडीला आडवं जाणं हा सर्वांत मोठा अपशकुन, मामंजी कधीच माफ करणार नाहीत. शिवाय सांगायचं तर पूर्ण आणि बरोबर सांगायला हवं. गाडगी तीन होती की चार, हे मला अजून नक्की आठवत नाही. अर्धवट सांगून लोकांना घाबरवणं मला पटत नाही.

घाई करायची नाही. गाड्या गेल्या की घर मोकळं असेल, सगळे शांत असतील.

मंगळवार, ता. ८ मार्च. सकाळी, चहा झाल्याबरोबर, सासूबाईंना सांगणार. नक्की.