केअरचे जर्मन अर्थ आणि नांदगावचे आबा

४ जानेवारी
मिळाला! मला 'केअर' मिळाला!
जर्मनच्या क्लासला आज रूपाली मॅडमनी चिठ्ठ्या काढायला लावल्या. प्रत्येकाला एक इंग्रजी शब्द. रोजच्या वापरातला, ढीगभर अर्थांचा. जर्मनमध्ये त्याचे किती आणि कोणते शब्द होतात ते शोधायचे, कार्डशीटवर मांडायचे आणि २५ तारखेला सगळ्यांसमोर उभं राहून जर्मनमधून बोलायचं. ज्यांचं चांगलं होईल त्यांचीच नावं मॅडम जर्मनीतल्या हॉस्पिटलकडे इंटरव्ह्यूला पाठवणार. जागा चार, आणि आम्ही वर्गभर. सगळे नर्सिंगवाले, सगळ्यांना जायचंय. मला जास्त.
हर्षलला 'गेट' आला, जी-ई-टी. सटाण्याचा आहे, वैतागला की अहिराणीत शिरतो. "मना शब्द लई जड शे, तुना माले दी दे ना!" छे. नर्सच्या हातात केअर पडलाय, आंधळा मागतो एक डोळा. देणार नाही म्हणजे नाही.

५ जाने.
दिसेल तिथं केअर! स्टोअरमध्ये बाटल्यांच्या खोक्यावर 'हँडल विथ केअर'. तिकडे लिहितात फोरझिष्ट, म्हणजे जपून. पाकिटावरचं 'केअर ऑफ' तर अगदीच साधं निघालं, 'बाय'. अमक्याच्या घरी, बस. 'आय डोन्ट केअर'ला एगाल. आणि आयसीयू! जर्मनमध्ये इंटेन्झिव्हश्टात्सिओन. त्यात केअर आहे कुठे? नाहीच! माझा शब्द आयसीयूत जाऊन गायब.
काळजी वाटते ती झोर्गऽ. लहान मुलं सांभाळतात ती बेट्रॉयुंग. आणि आमची, नर्सची, ती फ्लेगऽ. सगळ्यात मोठ्या अक्षरात हीच लिहायची, लाल मार्करनं.
आई म्हणाली, "एकाच शब्दासाठी एवढा कागद?" म्हटलं, "अगं, पुरत नाहीये."

११ जाने.
लिहावंसं वाटत नाही. तरी लिहिते.
मॅडमनी क्लासला आज माझी कार्डशीट पाहिली, खूश झाल्या. मग म्हणाल्या, फ्लेगऽ म्हणजे तू सकाळपासून काय काय करतेस ते जर्मनमधून सांग. मी सुटले. हँडओव्हर, बीपी, टेम्परेचर, इंजेक्शन, ड्रेसिंग, फाइल. क्रियापद एकही चुकलं नाही!
"आणि पेशंटची अंघोळ?"
"ती मावशी घालतात."
"दात? केस? जेवण भरवणं?"
"नातेवाईक."
"मग तू फ्लेगऽ कोणाची करतेस, फाइलची?"
अख्खा क्लास हसला. हर्षल सर्वात जास्त, त्याच्या वॉर्डात काय वेगळं आहे!
मॅडमनी नंतर नीट सांगितलं. तिकडे वॉर्डात मावशी-मामा नसतात, पेशंटच्या उशाशी बहीण-मेहुणे बसलेले नसतात. अंघोळ, दात, केस सगळं नर्सच करते, आणि त्यालाच ते फ्लेगऽ म्हणतात. "इंटरव्ह्यूत 'मावशी घालतात' म्हणालीस की तिथंच संपलं," म्हणाल्या.
बरोबर आहे त्यांचं. पेशंटला स्पंज देणं आम्ही पहिल्या वर्षाला शिकलो होतो. पास झाल्यावर ओल्या रुमालाला हात लावलेला आठवत नाही. इथं तशी रीतच नाही. सिस्टरनं सुई धरायची, मावशीनं टब. ठरलेलं.
रडू आलं होतं. आता राग आलाय, तो बरा. ज्या शब्दावर जर्मनीला जायचं तो नुसता लिहून कसा चालेल? हातानं करायचा.

१२ जाने.
इनचार्ज सिस्टरना विचारलं. चष्म्यावरून पाहिलं त्यांनी. "बरी आहेस ना? तुझी कामं उरकून कर काय करायचं ते."
झालं! परवानगी!
पण सुमनमावशी. आमच्या वॉर्डच्या, येवल्याकडच्या. टबला हात लावला तर त्यांनी तो ओढूनच घेतला. "माझं काय चुकलं का सिस्टर? कंप्लेट आली का कुनाची?" नाही म्हटलं. "मग माझं काम कामून घेता? उद्या वरचे म्हनतील, सिस्टरच आंघोळ घालती तर मावशी कशाला ठिवायची."
हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. जर्मनीचं सगळं सांगितलं, परीक्षा, चार जागा. त्यांचा विश्वास बसला नाही. "तिकडं एवढाले पगार देऊन आंघोळी घालून घेत्यात? जा बाई, कायबी सांगती."
टब त्यांच्याकडेच.

१४ जाने.
संक्रांत. सुमनमावशींनी सगळ्या वॉर्डाला तिळगूळ वाटला. माझ्या हातावर दोन वड्या जास्त. "घ्या, गोड बोला. उद्या आबांना तुमी पुसा. पन टब मी भरून देनार, आन् मी हितंच हुबी ऱ्हानार."
मान्य! हजारदा मान्य!
आबा म्हणजे बेड नंबर सातचे, नांदगावचे. एसटीत कंडक्टर होते, आता रिटायर. खुब्याचं ऑपरेशन झालंय. वॉर्डात कुणी रेंगाळलं की पडल्या पडल्या ओरडतात, "पुढं सरका, पुढं सरका!" उद्या त्यांच्यावर माझी फ्लेगऽ. झोप लागली तर शपथ.

१५ जाने.
काय दिवस! हसून हसून गाल दुखतायत, आणि मेमोसुद्धा मिळता मिळता राहिला.
सकाळी पडदा ओढला, मावशींनी कोमट पाणी दिलं, मी आबांचं तोंड पुसलं, मान, हात, पाठ. पाठ पुसताना जरा लाजले. "पोरी, तू तर सुईवाली ना?" म्हटलं, आज सुई नाही. मग डोळे मिटून पडले. पावडर लावली, केस विंचरले. पाय पुसत होते तेवढ्यात त्यांचा मुलगा चहा घेऊन आला, पडद्यातून डोकावला आणि तसाच मागे फिरला. मला वाटलं, लाजला.
कसला लाजतोय! हे पाहून त्यानं काय समजावं? की एरवी फक्त सुई टोचायला येणारी सिस्टर स्वतः वडलांचं अंग पुसतेय, मावशी हात जोडून शेजारी उभी आहे (मावशी थंडीनं हात चोळत होत्या!), नवा शर्ट काढून ठेवलाय, म्हणजे आटोपलं. बाहेर जाऊन त्यानं नांदगावला फोन लावला.
जेवणाच्या सुमाराला आले. जीप भरून! मुलाच्या आत्याबाईंनी दारातूनच सूर लावला, "दादा रं, मला न बोलताच चालला रं!" मागे सुना, जावई, शेजारी. एकाच्या हातात हार! खरंच, हार. वाटेतच घेतलेला.
आबा पेज पीत होते. चमचा तसाच धरून त्यांनी वॉर्ड दणाणून सोडला: "अरे मेलो नाय मी! धुतलंय मला!"
मग शेजारच्या बेडवरचा प्लास्टरवाला हसला आणि अख्खा वॉर्ड फुटला. आत्याबाई रडता रडता हसत होत्या. हार खिडकीच्या गजाला अडकवला. सुमनमावशी भिंतीला धरून खाली बसल्या, "माझ्या जन्मात असं पाह्यलं नाय!"
इनचार्ज सिस्टर हसल्या नाहीत. केबिनमध्ये घेतलं. "चांगलं काम केलंस. पण आधी घरच्यांना सांगायचं कोणी? आबांना तरी नीट विचारलंस का, पुसू का म्हणून?"
नव्हतं विचारलं. सरळ पडदा ओढला होता.

१६ जाने.
आज आधी विचारलं. "आबा, पुसू का?" ते म्हणाले, "तिकीट काढलंय मी, विचारती काय." मुलालाही बाहेर जाऊन सांगितलं की रोज असंच होणार, घाबरायचं नाही. तो ओशाळला. मग म्हणाला, "सिस्टर, पाठ मी पुसली तर चालंल का?"
दोघांनी मिळून पुसली. टब मावशींकडेच.

१८ जाने.
क्लास. हर्षलला आबांची गोष्ट परवा फोनवर सांगितली होती तर म्हणे, बनवतेस. मग काल त्याच्या वॉर्डात त्यानंही करून पाहिलं तर पेशंटची बायको टिप द्यायला लागली. शिकलास तरी, म्हटलं!
कार्डशीट आता आवडत नाही. नुसते बाण आणि शब्द. पण फाडवत नाही, मार्कर संपलाय तिच्यावर.

२५ जाने.
झालं! झालं!! झालं!!!
कार्डशीट लावली, खोका, पाकीट, आयसीयू पटापट सांगितलं, आणि फ्लेगऽला आल्यावर पाठ करून आणलेलं सगळं सोडलं. आबांची गोष्ट जर्मनमधून! मध्येच 'हार'ला शब्द सुचेना, हातानं गळ्यात घालून दाखवला. आत्याबाईंचा सूर मात्र मराठीतच लावावा लागला, त्याचं भाषांतर कोण करणार! मॅडम डोळे पुसत होत्या. चुका किती झाल्या त्यांनी मोजल्याच नाहीत.
माझं नाव इंटरव्ह्यूला गेलं. हर्षलचंही! खाली पार्किंगमध्ये दोघं येड्यासारखे ओरडलो. वॉचमन धावत आला.
आई विहारातून आलेली, तिला सांगितलं. पुन्हा चप्पल घालून निघाली. कुठे, विचारलं तर, "सगळ्यांना सांगून येते." वंदनेला आलेले लोक अजून घरी तरी पोचले असतील का!

२८ जाने.
आबांना डिस्चार्ज. जीप आली, या वेळी हाराशिवाय. आबा व्हीलचेअरवरून, "पुढं सरका!" जाताना मला म्हणाले, "तिकडच्या म्हाताऱ्यांना सांग, आधी नंबर माझा लागला होता." मान्य आबा. पहिला नंबर तुमचाच.
डोळे भरून आले. लिहून ठेवते, लाज कसली.

३१ जाने.
इंटरव्ह्यू झाला. मॅडमच्या ऑफिसात, लॅपटॉपवर. पलीकडे दोघं, पैकी पांढऱ्या बारीक केसांच्या बाई वॉर्डच्या प्रमुख. सकाळची फ्लेगऽ कशी करता? सांगितलं. आधी विचारते, मग पडदा ओढते. बाईंनी मान हलवली.
शेवटी त्यांनी पेन खाली ठेवलं. "उंड वेअर झोर्ग्ट फ्युअर झी?" पहिला हिवाळा अवघड जातो, म्हणाल्या. तिथं तुमची काळजी कोण घेईल?
शब्द सगळे येत होते मला. महिनाभर तेच तर केलं. पण माझ्या कार्डशीटवरचे सगळे बाण माझ्याकडून दुसऱ्याकडे जाणारे. माझ्याकडे येणारा एक नाही. म्हटलं, माहीत नाही. इथं मला हे कधी कोणाला विचारावंच लागलं नाही.
बाईंनी पेन उचललं आणि काहीतरी लिहिलं. चांगलं का वाईट, कळायला मार्ग नाही. मॅडम म्हणतात, खरं बोललीस ना, मग झालं. हर्षल म्हणतो, 'माझा मित्र हर्षल' म्हणायचं होतंस, माझाही फायदा झाला असता.

३ फेब्रुवारी
आज निकाल येणार, मॅडमचा सकाळीच मेसेज. दुपारपासून फोन हातात. शेवटी आई म्हणाली, "ठेव तो. ये, बस इथं, तेल लावते. केसांची पार केरसुणी झालीय."
बसले. तिच्या गुडघ्यात डोकं. तिनं आधी विचारलं नाही, पडदा ओढला नाही, काही नाही. कोमट तेल आणि तिची बोटं. मला पांढऱ्या केसांच्या बाई आठवल्या आणि एकदम, हसत हसतच, रडायला आलं. जायचंय मला. तरीही जायचंय.
तेवढ्यात टेबलावर फोन वाजला. रूपाली मॅडम.
मी उठायला गेले तर वेणी आईच्या मुठीत. "थांब," म्हणाली, "शेवटचा पेड राहिलाय."