उरलेली वीस पावलं

६ फेब्रुवारी, शुक्रवार. आठला दगडाच्या खाणीत पोहोचलो. अकराला पडलो. एकला घरी. डावा बूट अजून ओला आहे.

ती. दादा, साष्टांग नमस्कार. (गुडघा सुजल्याने सध्या फक्त कागदावर.) तुमचा दमा आणि वहिनींचे नवे दात कसे आहेत?

तुमच्या बहिणीला जाऊन उद्या तीन महिने होतील. तिचा शेवटचा लेख टेबलावर तसाच आहे. बाराव्या पानावर खाणीच्या भिंतीत दोन थरांमध्ये दिसणाऱ्या त्या रेघेचा फोटो, आणि शेजारी तुमच्या अक्षरात, "एका वादळाचं काम. उगाच मोठं करू नकोस." अकरा वर्षं तुम्ही दोघं त्या रेघेवरून भांडलात, जेवतानासुद्धा. तुम्ही दोघं भूशास्त्रज्ञ, मी पडलो औषधविक्या, दोन्ही बाजूंना भाजी वाढत राहिलो.

तिचं म्हणणं आता मला पाठ आहे. वादळाने उथळ समुद्राचा तळ खरवडला, तर ती खरवड थोड्या पावलांत संपते. पण रेघ न तुटता लांब गेली, तिच्यावर गोटे बसलेले असले आणि तिच्यातून खाली किड्यांची बिळं गेली असली, तर मध्ये फार मोठा काळ गेला. म्हणून पावलं मोजायला गेलो.

चाळीस पावलांवर रखवालदार भेटला. "काका, काही हरवलंय का?" म्हटलं, हो, काही हजार वर्षं. तो गंभीर झाला. "मग आता कुठली सापडतायत! पोलिसांत तक्रार दिलीत का?"

दादा, तीस वर्षं मी त्या भिंतीपाशी उभा राहिलो, पण तिच्याकडे पाठ करून. (लोक फोटोत मापासाठी हातोडी ठेवतात. तुमची बहीण हातोडी घरी विसरायची, मला नाही. फोटोखाली छापलेलं असतं: माप, नवरा, १६८ सें.मी.) आज प्रथमच तोंड भिंतीकडे केलं. करंगळीएवढी बिळं, बारीक वाळूत खोदलेली आणि वरच्या जाड वाळूने भरलेली. रेघेवर बोट ठेवलं. बोटाखाली एक समुद्र, बोटाच्या वर दुसरा, आणि मधली सगळी वर्षं धुऊन गेलेली. त्यांना नखाएवढी जागा उरलेली नाही. मी टोपी काढली. का, ते ठाऊक नाही.

रेघ शेवटपर्यंत जाते. ती बरोबर होती.

आपला,
मेहुणा

ता. क. "शेवटपर्यंत" हे खरं नाही. एकशे चाळिसाव्या पावलाला वर बघत चालताना पाण्याच्या खड्ड्यात गेलो. पुढची वीस पावलं पाहिलेली नाहीत. ती तुम्ही पाहा. रेघ तिथे तुटली, तर तसं लिहू. शिवाय फोटो नवा हवा, आणि मापाला स्वतःचा फोटो काढता येत नाही.

ता. क. २. आत्ता दाराच्या चौकटीला टेकून, डोक्यावर फूटपट्टी धरून खूण केली. १६६ भरलो. नव्या फोटोसाठी बाराव्या पानावरचा आकडा खोडून नवा लिहिला.