ड्रोनची सावड

१२ नोव्हेंबर
घोर अन्याय. ऐन मोहिमेच्या आदल्या दिवशी सत्यशीलेनं माझ्या ड्रोनच्या चार्जरची पिन काढून मिक्सर लावला. शेंगदाण्याच्या चटणीपुढे विमानविद्या हरली. बायको आहे, काय बोलणार.
शेजारच्या छबुबाईंनी श्रावणात दिवसभर माझा कापूस खुरपला. सावड म्हणजे कामाला काम; बदल्यात मी त्यांच्या तुरीवर फवारणी करायची. शेंगांत अळी आलीय. माणसाला पाठीवर पंप घेऊन दिवस लागतो. माझा ड्रोन दहा मिनिटांत एकर उरकतो. उद्याच फेडणार.

१३ नोव्हेंबर
दहा मिनिटं फक्त कागदावर. तीन सऱ्या मारून बॅटरी संपली, ड्रोन परत येऊन बसला. शेतातली थ्रीफेज वीज रात्रीच येते, म्हणजे दिवसा पुन्हा चार्जिंग नाही, आणि रात्री फवारता येत नाही. छबुबाईंनी विचारलं, भाऊजी, ह्याला दम लागला का हो? समजावलं की जगातली विजेची विमानं इथंच अडलीत. वीज मिळते, साठवायची कशात? म्हणाल्या, जगाचं ऱ्हाऊ द्या, अळी माझ्या शेंगंत हाय.

१४ नोव्हेंबर
तोडगा सापडला! छतावरच्या सोलरची वीज दिवसभर घरच्या इन्व्हर्टरमध्ये साठवली, तिथून ड्रोनला दिली.
सायंकाळी: ड्रोन अर्धा भरला. घरात अंधार. सत्यशीला म्हणाली, भाकरी अर्धी कच्ची हाय, तुमचं इमान जेवलं का पण?
संशोधकांच्या बायका अशाच असतात.

१५ नोव्हेंबर
सिरसाळ्याच्या बंकटकडून त्याच्या ड्रोनची बॅटरी आणली. दोन बॅटऱ्या, दुप्पट उड्डाण. गणित पहिलीतलं. बांधल्या. टाकी भरली. उचलेना. टाकी अर्धी केली. उचलेना. रिकामी केली. झकास उडाला!
छबुबाई म्हणाल्या, लई भारी. अळीला वारा घालायलाय का?
बंकटची बॅटरी परत दिली. त्याच्या बॅटरीतच दोष असावा.

१६ नोव्हेंबर
ढग. सोलर मेलं. छबुबाईंनी शेंग फोडून माझ्या तळहातावर ठेवली. हिरवी अळी, अर्धा दाणा. म्हणाल्या, अजून दोन दिवस गेले तर तूर हातची जाती. परवा मीच पंप घेते.
डॉक्टरनं त्यांना कमरेमुळं घागरसुद्धा उचलू नका म्हणून सांगितलंय. मी म्हणालो, उद्या नक्की. त्या घरात पंप शोधायला गेल्या. एवढा अविश्वास बरा नाही.

१७ नोव्हेंबर
रात्रभर चार्जिंग. सकाळी बघतो तर बॅटरी पुरीसारखी फुगलेली. ड्रोनचं ट्रेनिंग देणाऱ्या लखनला फोन केला. तो ओरडलाच, काका, घरातून लांब वाळूत ठेवा, जवळ थांबू नका! ठेवली. संशोधनास अल्पविराम.
सायंकाळी छबुबाईंच्या ओट्यापुढून आलो. त्या पंपाचा तुटका पट्टा सुतळीनं शिवत होत्या. मी हवामानावर बोललो. त्यांनी सुतळीला आणखी एक गाठ मारली.

१८ नोव्हेंबर
त्या उठायच्या आत ओट्यावरचा पंप उचलला. एका हातानं दांडा मारायचा, दुसऱ्या हातानं फवारायचं. चार्जिंग लागत नाही.
उन्हं कलेपर्यंत शेवटची सरी झाली. खांदे सोललेत. छबुबाई बांधावर चहा घेऊन आल्या. काही बोलतील म्हणून थांबलो. फक्त म्हणाल्या, फिटली सावड.
पंप धुतला. त्यांच्या ओट्यावर पालथा घातला.