चार नंबरचा चौकोन

९ फेब्रुवारी, बद्दी (हिमाचल)

लॅबच्या मॅडमनी आज मिक्सिंगमधून बोलावून घेतलं. "हात दाखव. आतल्या बाजूने." दाखवला. म्हणाल्या, "छान! ह्याच्यावर फरक लगेच दिसेल."

पेनाने चार चौकोन काढले. नव्या क्रीममध्ये उजळवणारं काय घालायचं ते ठरवायचंय. एकात ज्येष्ठमधाचा अर्क. दुसऱ्यात कोजिक. तिसऱ्यात नायसिनामाइड – पिंपावर रोज दिसतं म्हणून नाव येतं. चौथ्यात काय? "मलाही नीट माहीत नाही," म्हणाल्या. "मालकांनी कुठूनतरी स्वस्तात आणलंय."

नको म्हणायचं होतं. म्हणालो – हो मॅडम.

खोलीवर सुदाम हसून हसून लोळला. तलासरीचा आहे, तोंडात कायम तंबाखू, तरी बडबड थांबत नाही. "काळ्या, आता नाव बदल! जिवली गावी झाईच्या स्टँडवर ओळखायची नाही तुला."

एप्रिलात लग्न आहे आमचं, जिवलीचं नि माझं.

२१ फेब्रुवारी

खाज. एक-दोन-तीन जसेच्या तसे. चार नंबर उजळतोय.

४ मार्च

उजळ कसला – पांढरा! खोबऱ्यासारखा. मालक स्वतः बघायला आले. माझा हात धरून उजेडात वळवला, तोंडाकडे बघितलंसुद्धा नाही. "इसको फायनल करो."

मॅडमचा आवाज चढला. हे उजळणं नाही सर, इथला रंग मेलाय. ज्येष्ठमध घेऊ, हळूहळू होईल पण – मालक म्हणाले, हळूहळू होणारं विकत कोण घेतं?

मी आपला हात तसाच धरून उभा.

नंतर मॅडमना विचारलं, रंग परत येईल ना? त्या बेसिनवर हात धूत राहिल्या. मग म्हणाल्या, "आता काही लावू नकोस. दुसरीकडे कुठे असं उठलं तर लगेच सांग."

१० मार्च

आईशी व्हिडिओवर बोलत होतो, बाही वर होती. जिवलीची आई तिथेच बसलेली! "काय रे ते हाताला? कोड?"

संध्याकाळी आईचा फोन. ते लोक लग्न थांबवा म्हणतायत. हळदीला उघड्या अंगाने बसायचं, सगळा गाव बघणार. मी सांगतोय, औषधाने झालंय. आई म्हणते, "गोरं करायच्या औषधाने असं होतं? कोण ऐकणार रे?"

खरंच कोण ऐकणार! इथून नुसतं फोनमध्ये ओरडायचं.

११ मार्च

सुट्टी मागितली. नाही.

१५ मार्च

जिवलीचा फोन! बोर्डीला चिकूच्या वाडीत कामाला आहे, तिथूनच केला. मागे बाया ओरडत होत्या – कुणाशी गं, कुणाशी?

म्हणाली, "मला कोडाचं काही नाही. असलं तर असलं. पण आईला खरं सांगायचंय मला, खोटं नाही. लावलं तिथेच आहे ना? दुसरीकडे कुठे?"

"कुठेच नाही."

"माझी शपथ?"

"तुझी शपथ."

"मग झालं. बघते मी आईकडे. आणि ऐक – हळदीत सगळेच पिवळे दिसतात!" हसली. किती दिवसांनी!

१८ मार्च

जिवलीची आई तयार झाली. आई फोनवर रडलीच. सुदामला भजी चारली.

२२ मार्च

सकाळी सुदाम म्हणाला, "ओठाखाली चुना लागलाय बघ, पूस."

पुसला. परत पुसला. साबण लावला.

मी तंबाखू खात नाही.