वीतभर आखूड रेघ

सर, कॉलेजच्या नव्या बास्केटबॉल कोर्टला तुमचं नाव द्यायचा ठराव माझ्या टेबलावर पडून आहे. खाली क्रीडा विभागप्रमुख म्हणून माझी सही लागते आणि चार दिवस झाले, मी ती केलेली नाही. शिपाई रोज विचारतो, फाईल न्यायची का. मी म्हणतो, राहू दे. तुम्हाला जाऊन नऊ वर्षं झाली. तुम्ही असता तर हे सगळं तोंडावर बोललो असतो असं लिहिणार होतो, पण ते खोटं होईल. तुम्ही होतात तेव्हाही बोललो नाही.

रेघेपासून सुरू करतो. मी दहावीत आहे, दुष्काळाचं साल, टँकर एक दिवसाआड. तुम्ही घरच्या वाट्याच्या दोन कळशा आणून शाळेच्या मातीच्या कोर्टवर शिंपडता, कारण फुफाट्यात चेंडू उसळत नाही. मग त्याच ओलीवर मापाची सुताची दोरी ताणून खुंट्या ठोकायच्या आणि चुन्याच्या रेघा मारायच्या. सूत भिजलं की आखडतं, हे केजच्या बाजारात दोरखंड विकणारा कोणीही सांगेल. तुमच्या ध्यानात आलं नाही. माझी आई तेव्हा रोजगार हमीच्या बंधाऱ्यावर खोदायला जायची. तिथल्या मिस्त्रीची टेप मी तासाभरासाठी मागून आणली. नियमांचं इंग्रजी पुस्तक डिक्शनरी घेऊन महिनाभर वाचलं होतं. फ्री थ्रोची रेघ रिंगमागच्या शेवटच्या रेघेपासून पाच मीटर ऐंशी हवी. आपली भरली पाच अठ्ठावन्न. वीतभर आखूड.

मी ते तुम्हाला सांगितलं. तुम्ही आख्ख्या टीमसमोर टेपकडे बघितलंत. "काय बे मुकादम, मापं घ्यायला आलास व्हय? कोणत्या कारखान्यावर चालवलीस ही टोळी?" पोरं हसली. आठवड्यानं जिल्ह्याच्या सामन्यात आपले अकरापैकी नऊ फ्री थ्रो रिंगच्या अलीकडच्या कडेला लागून खाली पडले. मी मोजले. आपण एका गुणानं हरलो. परतताना एसटीत तुम्ही खिडकीबाहेर बघत बसलात आणि मागून कोणीतरी म्हणालं, "मुकादम, टेप काढ की." ते नाव चिकटलं ते चिकटलं.

मग मी मुकादमच झालो. बाकीचे ऊसतोडीच्या टोळ्या बांधून न्यायचे, मी उंच पोरं हेरून न्यायचो. सहकारी कारखान्यांना तेव्हा स्वतःच्या टीमची लई हौस होती. चेअरमनसमोर बसून मी पोरासाठी वजनकाट्यावरची, टाइम ऑफिसातली कायम नोकरी मागायचो, नुसती जर्सी नाही. करार स्वतः वाचले, स्वतः लिहिले, कोणी शिकवलं नाही. तुम्ही मात्र केजच्या बाजारात, कांद्याच्या ढिगाजवळ, चार माणसांत म्हणालात, "लेकरं विकतो हा." माझा एकही खेळाडू हंगामी नोकरीवर राहिला नाही, सर. एकही नाही. पुढे एका चेअरमननं कॉलेज काढलं आणि मला म्हणाला, "बाहेरून किती दिवस पोरं आणून देतो? आत येऊन बस." बसलो. आज निवड, वसतिगृह, प्रशिक्षक, दौरे, सगळं माझ्या हातात आहे.

एवढं मी गिळलं असतं. त्या पोरीचं गिळता येत नाही. तुमच्याच शाळेतली, ऊसतोड मजुराची लेक, डावखुरी, नववीतच माझ्यापेक्षा उंच. दहावी झाल्यावर मी तिला पुण्याच्या एका क्रीडा वसतिगृहात जागा मिळवून दिली. जिल्हा खेळल्याच्या दाखल्यावर फक्त तुमची सही हवी होती. दाखला कोराच परत आला. मुदत संपली. तिचा बाप म्हणाला, "आता कावून थांबायचं?" आणि दसऱ्यानंतर ती कोयता घेऊन ट्रकमध्ये चढली. पुढची चौदा वर्षं ऊस. आता ती आमच्या मुलींच्या वसतिगृहात स्वयंपाक करते, ते काम मी दिलं. ठरावाचं कळल्यावर ती ऑफिसात आली. "ज्यानं माझा दाखला अडवला, त्याच्या नावाच्या पाटीखालून मी डबे नेणार न्हाई. दादा, तुमी तरी सही करू नका. तुमीच एकले व्हते माझ्या बाजूनं."

आता नीट लिहितो, कारण तपशील चुकलेला मला चालत नाही. दाखला मी स्वतः घेऊन आलो नव्हतो. तुमच्या दारात उभं राहायचं नव्हतं म्हणून काळीपिवळीच्या ड्रायव्हरकडे दिला. तो निरोप घेऊन आला, "सर म्हणले, त्यालाच पाठव. येताना टेप आण म्हणावं. मग सही करतो." मला वाटलं, अजून टोमणाच मारतात. मी गेलो नाही. पोरीला सांगितलं, सर नाही म्हणाले.

तुमच्या दहाव्याला आलो तेव्हा शाळेत डोकावलो. फ्री थ्रोच्या रेघेच्या टोकांना लोखंडी खुंट्यांची नवी जोडी, आणि रिंगच्या बाजूला वीतभर पुढे जुनी, जमिनीत गंजलेली. म्हातारा शिपाई म्हणाला, "तुमी हरून आला ना, त्याच उन्हाळ्याच्या सुट्टीत सरांनी टेप इकत आणली. तुमी यिऊन मापावं म्हणत व्हते." मी मापलं. पाच ऐंशी.

म्हणून राग गेला असं समजू नका. टोमणा मारलात टीमसमोर आणि रेघ हलवलीत सुट्टीत, कोणी नसताना. आधी सही करून मग मला बोलवायला काय झालं होतं? आपल्या दोघांच्या ताठ्यात तिची चौदा वर्षं उसात गेली. त्यातली तुमची किती आणि माझी किती, हे मला कोणत्याही टेपनं मापता येत नाही.

आत्ता ती चहा घेऊन आली. "काय लिहिता, दादा?" मी कागद पालथा घातला. म्हणालो, "काही नाही, कोर्टची मापं." तिनं ठरावावर नजर टाकली. खाली जागा कोरी होती. ती हसली आणि कप ठेवून गेली.

‘नाही’ तुम्ही म्हणाला नव्हतात, ते माझं होतं; तिची पावलं जिन्यावरून उतरल्यावर मी सही केली. तिच्यासमोर झाली नाही, एवढं लिहून ठेवतो.